घरभर एकच फिकट रंग – पण राहतं कोण?



पितृपक्ष सरला की इंदूरच्या मराठी घरांत पुताईचा विषय निघतो. (पुण्याचे नातेवाईक ‘रंगकाम’ म्हणतात. आपल्याकडे पुताईच, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.) पूर्वी त्यावरून आठवडाभर वाद चालायचे. कोणत्या खोलीला कोणता रंग, मागच्या वेळचा गुलाबी फारच भडक झाला होता, देवघराला हात लावायचा की नाही. हल्ली वादच होत नाहीत. लोकमान्य नगर असो, सुदामा नगर असो, की बायपासकडचे नवे फ्लॅट, उत्तर ठरलेलं आहे – ऑफ-व्हाइट. फाटकातून आत शिरल्यापासून न्हाणीघरापर्यंत भिंती, छत, दारं, चौकटी सगळं पांढुरकं. पेंटरही तेच सांगतो, "बाबूजी, आजकल सब यही करवाते हैं."

फिकट रंगाला माझा विरोध नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे सूनबाई मंडळी वाचायचं सोडणार नाहीत. भिंत फिकटच असावी. माझं भांडण ‘घरभर’ आणि ‘एकच’ या दोन शब्दांशी आहे. त्याहून जास्त, तो रंग निवडतं कोण आणि त्यात राहतं कोण, याच्याशी आहे.

माझा मुलगा म्हणतो, "बाबा, तुमच्या लहानपणी तर सगळं पांढरंच होतं ना?"

होतं. चुना होता. आमचं जुनं घर रामबागेतलं. समोरून अरुंद, आत लांबच लांब, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या. ओसरी, मग चौक, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परस. खिडक्या काय त्या पुढे आणि मागे. मधल्या खोल्यांत जो उजेड यायचा तो चौकातून, आणि तो आत ढकलायचं काम चुन्याच्या भिंती करायच्या. दसऱ्याच्या आधी कळीचा चुना आणून पिंपात भिजत घालत. पाणी पडलं की तो खदखदा उकळायचा. आम्हा मुलांना जवळ फिरकू देत नसत, आणि ते बरोबरच होतं, डोळ्यात उडाला तर डोळाच जायचा. मग तो गाळायचा, त्यात सरस किंवा डिंक घालायचा, म्हणजे टेकून बसलेल्या माणसाची पाठ पांढरी होऊ नये, आणि थोडी नीळ, म्हणजे भिंत पिवळट दिसू नये. ओला चुना लावताना भिंतीवर काही लागलंच नाही असं वाटतं. वाळत जातो तसतशी सफेदी चढते. पुढे कॉलेजात एका केमिस्ट्रीवाल्या मित्राने समजावलं की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडीच होतो. म्हणजे दर दिवाळीला आपण भिंतीवर दगडाचा एक पातळ थर चढवत होतो. त्यावर बुरशी सहजासहजी धरत नसे, आणि पैसे फारसे लागत नसत.

इथपर्यंत मुलाचं म्हणणं खरं. पण ते घर एकरंगी होतं कुठे?

भिंतीच्या पायाशी हातभर उंचीचा गेरूचा पट्टा असायचा. जमीन सारवताना, धुताना शिंतोडे उडत, ते त्यात लपत. दारं आणि चौकटी गडद हिरव्या तेलरंगाच्या. उंबरा जुन्या लाकडाचा, जवळजवळ काळा. चौकात उतरायच्या पायऱ्या आपल्या माळव्याच्या काळ्या दगडाच्या, आणि पुताईवाला जाताना प्रत्येक पायरीच्या कडेला चुन्याचं एक बोट ओढून जायचा, त्याचे वेगळे पैसे न मागता. कोनाडे आतून पिवडीने रंगवलेले, म्हणजे काळोखात हात बरोबर काड्यापेटीवर जावा. हे सगळं मी तेव्हा सजावट समजत होतो, मुलांना तसंच वाटतं. पण कंदिलाच्या उजेडात माणसाला जमीन कुठे संपली, भिंत कुठे लागली, दार कुठे आहे आणि पायरी कुठे उतरते, एवढं तरी दिसायला हवं ना! आमची आजी ऐंशीच्या घरात होती. चष्मा कधी लावला नाही. रात्री दोनदा उठून परसात जाऊन यायची, आणि पडल्याचं मला आठवत नाही.

नंतर डिस्टेंपरचे दिवस आले. हातात बादली आणि ब्रश घेतलेला तो खट्याळ गट्टू आठवत असेल. एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला. त्या दिवसांत आमच्या घरी पुढची खोली फिकट लिंबू झाली, मधली पिस्ता, मागची अस्मानी. लक्षात घ्या, हेही सगळे फिकटच रंग. पण प्रत्येक खोलीला आपापला. आणि मग खोल्यांची नावंच ती पडली. "पिस्त्यात दोन गाद्या जास्त घाल, उज्जैनची मंडळी येणार आहेत." "अस्मानीत कोण झोपलंय? मग दिवा नका लावू." बहिणीची बाळंतपणं अस्मानीत झाली. अण्णा गेले ते पिस्त्यात. आज आमच्या घरात ‘बेडरूम-वन’ आणि ‘बेडरूम-टू’ आहेत, आणि पाहुण्यांना कोणती कुठली ते दर वेळी दाखवावं लागतं.

आपल्यासारख्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्याला रस्त्यावर, दुकानात, बसच्या पाटीवर मराठी भेटते. आपल्या मुलांना ती भेटते फक्त घरात. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी. म्हणून घरातल्या वस्तूंवर जितके मराठी शब्द चिकटलेले असतील तितकेच टिकतात. मोतिया, हस्तिदंती, बदामी, चंदनी, दुधी, अबोली, शेवाळी, विटकरी, डाळिंबी. हे शब्द मी पुस्तकातून शिकलो नाही. आई पेंटरशी हुज्जत घालत असे ती ऐकून शिकलो. "भैया, मैंने अबोली बोला था, ये तो सीधा गुलाबी है!" आता पेंटरला अबोली काय कळणार, पण आईला त्याची फिकीर नव्हती. माझा नातू हुशार आहे, घरात मराठी नीट बोलतो, पण त्याला रंगांची नावं विचारली तर व्हाइट, बेज आणि ग्रे. त्याने पाहिलेलं घरच तेवढ्या रंगांचं आहे. आणि हे कोणत्या शहरात? जिथे देवळालीकर मास्तरांनी चित्रकलेची शाळा चालवली आणि जिथून बेंद्रे, हुसेन निघाले त्या इंदूरात! असो. गाडी रुळावर आणतो.

मला खरं बोलायचंय ते डोळ्यांबद्दल.

सौ.चं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. पट्टी निघाल्यावर तिने बैठकीच्या भिंतीकडे आधी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला भिंत स्वच्छ, किंचित निळसर पांढरी दिसत होती. दुसऱ्याला तीच भिंत सायीसारखी पिवळट. दिवसभर तिचा तो खेळ चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं त्यात नवल काही नाही. वय होतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, बाहुलीही लहान होते, आत उजेड कमी जातो. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. आणि उजेडाबरोबरच दोन जवळजवळच्या छटांमधला फरक ओळखणंही कमी होतं. तरुण डोळ्याला क्रीम भिंत आणि आयव्हरी दार हे दोन सुंदर रंग दिसतात. पंच्याहत्तरीच्या डोळ्याला तिथे एकच धुकं दिसतं.

आमच्या ओळीत एक काकू राहतात. वय ७८, एकट्या. मुलगा बंगळूरला, अतिशय चांगला मुलगा, आईसाठी सगळं करणारा. त्याने सुट्टी काढून घर नवं करून दिलं. क्रीम व्हिट्रिफाइड टाइल, क्रीम भिंती, क्रीम दारं, पांढरे स्विच. फोटोत घर मासिकातल्यासारखं दिसत होतं, मीही कौतुक केलं. त्या घरात हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना चार इंचांची एकच पायरी आहे. जुन्या फरशीत तिची कड कोटा दगडाची होती, हिरवट काळी. नव्यात तीही क्रीम झाली. पंचवीस वर्षं काकू त्या पायरीवरून दिवसातून पन्नास वेळा गेल्या असतील. नव्या रंगानंतर दुसऱ्या महिन्यात त्या तिथेच पडल्या. मनगट मोडलं. खुबा वाचला हे नशीब. आता त्या भिंत धरून चालतात, आणि रात्री उठल्या की स्विच चाचपडत शोधतात, कारण पांढऱ्या भिंतीवरचा पांढरा स्विच त्यांना दिसतच नाही. मुलाला त्यांनी हे सांगितलेलं नाही. "त्याने एवढं केलं, त्याला वाईट वाटेल," म्हणाल्या.

यावर लोकांनी विचार केलेला आहे. शेड कार्डावर काही कंपन्या रंगाच्या नावाखाली ‘एलआरव्ही’ म्हणून एक आकडा छापतात. म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो. शून्य म्हणजे निव्वळ काळा, शंभर म्हणजे निव्वळ पांढरा. बहुतेक ऑफ-व्हाइट सत्तरच्या वरच असतात. दृष्टी अधू असलेल्यांना वावरता यावं म्हणून ब्रिटनमध्ये इमारतींसाठी जे मानक आहे त्यात भिंत आणि जमीन, भिंत आणि दार यांच्यात या आकड्याचा सुमारे तीसचा फरक ठेवा असं सांगितलं आहे. आमच्या पुताईवाल्याला हा आकडा ठाऊक नव्हता, पण काळ्या पायरीवर चुन्याचं बोट ओढताना तो नेमकं तेच करत होता.

आता हिशेबाकडे येतो. जन्मभर तेच केलं, त्यामुळे राहवत नाही. एकाच रंगात पैसे वाचतात असं सगळे म्हणतात. ११०० चौरस फुटांचं घर घ्या. भिंती आणि छत मिळून पेंटरच्या ठोकताळ्याने साडेतीन पट, म्हणजे ढोबळमानाने ४००० चौरस फूट. पुट्टी केलेल्या भिंतीवर दोन हात मारायला लिटरला ६०-७० चौरस फूट धरले तर साठेक लिटर रंग लागतो. एकच रंग घेतलात तर २० लिटरच्या तीन बादल्या. चार रंग घेतलेत तर २०, २०, १०, १०. बेरीज तीच. बादली लहान घेतली की लिटरमागे थोडे जास्त पडतात, डब्याच्या तळाशी लिटर-दोन लिटर उरतात, आणि कडा सांभाळून मारायचे पेंटर थोडे जास्त मागतो. गडद रंग महाग पडतात हे खरं, पण फिकट पिस्ता आणि फिकट बदामी यांत फारसा फरक पडत नाही. सगळं धरून वाचतात ते पैसे मजुरीच्या मानाने चिल्लर आहेत.

"पण टच-अप सोपं जातं." दोन वर्षांनी करून बघा. भिंत तोवर धूळ आणि ऊन खाऊन बदललेली असते. ठेवणीतल्या डब्यातला तोच रंग लावला तरी ठिगळ दिसतं, आणि फिकट भिंतीवर ते जास्तच दिसतं. शेवटी पूर्ण भिंत मारावी लागते. फोडणीच्या गॅसमागे आणि समईच्या वर तर फिकट रंगाचं वर्षभरात काय होतं ते घरच्या बायकांना विचारा. दारं पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवणाऱ्यांना एक सांगतो. तो पांढरा कमी उजेडाच्या खोलीत पिवळा पडतो. मधल्या पॅसेजमधलं दार आणि बाल्कनीतलं दार तीन वर्षांनी शेजारी ठेवून बघितलं तर एका डब्यातली वाटणार नाहीत.

आणि आता ते वाक्य, जे ऐकलं की माझं जेवणावरचं लक्ष उडतं. "न्यूट्रल ठेवा बाबा, रिसेलला बरं पडतं."

मी गृहकर्जाच्या फायली वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. व्हॅल्युअरच्या रिपोर्टात प्लॉटचं क्षेत्रफळ असतं, रस्ता किती फुटी ते असतं, बांधकामाचं वय, घसारा, कलेक्टर गाइडलाइन, बाजारभाव, सगळं असतं. भिंतीच्या रंगाचा रकाना मी कधी पाहिला नाही. पिस्ता रंगामुळे कर्ज कमी झालं असं एकही प्रकरण माझ्या टेबलावरून गेलं नाही. घर विकत घेणारा माणूस वास्तुशांतीच्या आधी आपल्या मनासारखी पुताई करूनच घेतो, तुम्ही काहीही लावून ठेवा. भाड्याने द्यायच्या घराची गोष्ट निराळी. तिथे एकच क्रीम मारा, दर भाडेकरूमागे परत मारायचंच आहे.

पण ज्या घरात आई-बाप अजून राहताहेत, त्या घराच्या भिंतीचा रंग पुढच्या गिऱ्हाइकासाठी निवडायचा? मुलांच्या मनात वाईट काही नसतं हे मला पक्कं ठाऊक आहे. ती व्यवहाराचं बोलतात, आणि व्यवहार आम्हीच त्यांना शिकवलाय. पण ‘रिसेल’ हा शब्द त्यात राहणाऱ्या माणसाच्या कानात वेगळा वाजतो. आपल्यामागे काय होणार ते आपल्याला कळतं. त्याचा रंग आत्ताच भिंतीवर कशाला?

आपल्या ओळखीतल्या किती घरांत आज दोघंच म्हातारी आहेत ते मोजून बघा. मी आमच्या ओळीत मोजली. अकरा घरांपैकी सात. त्यातल्या पाच घरांचा रंग मागच्या तीन-चार वर्षांत व्हिडिओ कॉलवर ठरलेला आहे. मोबाइलच्या पडद्यावर, पुण्याच्या नाहीतर अमेरिकेच्या उजेडात. आणि फिकट रंगाइतका फसवा रंग दुसरा नाही. प्रत्येक ऑफ-व्हाइटच्या पोटात दुसरा एक रंग लपलेला असतो, गुलाबी, हिरवट, पिवळा किंवा राखी. कार्डावरच्या टीचभर चौकोनात तो दिसत नाही, चार भिंतींवर चढला की वर येतो. उत्तरेच्या खोलीत राखी झाक असलेला पांढरा लावा, पावसाळ्यात खोली हॉस्पिटलसारखी दिसते. त्यात थंड पांढरे एलईडी दिवे लावले की संपलंच.

सूनबाईंचा मुद्दा मी विसरलेलो नाही. ती म्हणते, दिवसभर ऑफिसात आणि ट्रॅफिकमध्ये डोळ्यांना इतका मारा होतो की घरी शांत भिंत हवी असते, आणि लहान फ्लॅट फिकट रंगात मोठा वाटतो. दोन्ही खरं आहे, आणि ज्या फ्लॅटमध्ये ती राहते तिथे तिने तेच करावं. साधेपणाही आपल्याला काही नवा नाही. १९३०च्या दशकात आपल्याच यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग बांधून घेतला, जिथे आज सरकारी कर-कार्यालय आहे. महाल असून नक्षी-महिरपींचा सोस नाही, सरळ रेषा. पण त्या सरळ रेषांच्या घरात जमिनीवर फ्रान्सहून मागवलेले दा सिल्व्हा ब्रून्सचे भौमितिक नक्षीचे गालिचे अंथरलेले होते. डोळ्याला थांबायला जागा होती.

आमच्या घरचं यंदा असं ठरलंय. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, मुलांना नंतर कळवलं. भिंती हस्तिदंती, पिवळ्या झाकेचा, आणि तो आधी दोन बाय दोन फुटांच्या तुकड्यावर मारून सकाळ, दुपार आणि रात्रीच्या दिव्यात तीन दिवस पाहिला. मधली खोली पिस्ता. दारं आणि चौकटी गडद काथ्या रंगाच्या, म्हणजे बंद दार भिंतीत मिसळणार नाही. मागे परसात उतरायच्या दोन पायऱ्यांच्या कडेला दोन इंची विटकरी पट्टी, न घसरणारी. न्हाणीघरातल्या पांढऱ्या भिंतीवर धरायचा दांडा निळा. स्विचबोर्डाभोवती बोटभर गडद चौकट, याला पेंटर हसला, पण करून देणार आहे. देवघराच्या मागे डाळिंबी, ते सौ.चं खातं, त्यात मी बोललो नाही. काकूंच्या पायरीलाही त्याच दिवशी पट्टी मारून घेणार आहे, मुलाला विचारायचं काम माझ्याकडे.

ज्यांच्याकडे दसऱ्यानंतर पुताई आहे त्यांनी एवढं करा. पेंटर जायच्या आधी प्रत्येक रंगाचं नाव, शेड नंबर आणि तारीख डब्याच्या झाकणावर आणि घराच्या फायलीत, दोन्हीकडे लिहून ठेवा. झाकणं हरवतात. आणि रंगाचं नाव मराठीतही लिहा, कंसात चालेल.